भिंतीवरचं दुसरं पान

दोह्यातल्या अल हिलाल भागात आमच्या आणि शेजारच्या जर्मन आजींच्या घरामध्ये एकच बुटकी भिंत आहे. आजी सत्त्याऐंशीच्या, मुलाकडे राहतात. घरात गोडधोड केलं की मी वाटी भिंतीवर ठेवायची आणि आजींनी ती उचलायची, हा आमचा शिरस्ता.

सर्वपित्री अमावास्येला मी तिथेच पितरांचं पान ठेवलं. खीर, भरड्याचे वडे, आमसुलाची चटणी. दोह्यात कावळ्याचा हट्ट धरला तर पितर उपाशीच राहायचे, म्हणून मी साळुंकीवरही भागवते. कढई उतरवून बाहेर येते तो आजी पलीकडे वडा खाताहेत. माझा पारा चढला. ते तुमच्यासाठी नव्हतं, असं फटकन बोलून गेले.

बिचाऱ्या ओशाळल्या. मग कोणासाठी, म्हणून त्यांनी विचारलं. आमच्या मेलेल्यांसाठी, मी म्हणाले. ज्यांची तिथी माहीत नाही, त्यांचंही आजच करतात.

आजींनी उरलेला वडा खाली ठेवला. "वाईट बाजूची माणसं असली तरी?"

मग त्या सांगू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा पराभव जवळ आला होता, त्या सहा वर्षांच्या होत्या. आईबरोबर बर्फातून पळताना चार वर्षांची धाकटी बहीण गेली. जमीन इतकी गोठलेली की पुरताही आलं नाही. रस्त्याकडेला ठेवून त्या पुढे चालल्या. त्यानंतर आईने तिचं नाव काढलं नाही, यांनीही नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही.

"आमच्या माणसांनी लाखो जीव घेतले होते. आम्ही कोणत्या तोंडाने रडायचं?"

सासूबाईंचा एक टोमणा मी दहा वर्षं उगाळते. ही बाई ऐंशी वर्षं गप्प होती, आणि आजही आपल्या दुःखापायी त्या पापातलं काडीभरही कमी करून सांगत नव्हती. मी आत जाऊन दुसरं पान वाढून आणलं. आजींनी ते स्वतःच्या हाताने भिंतीवर ठेवलं.

तेवढ्यात त्यांचा मुलगा ऑफिसातून आला. हे काय चाललंय, म्हणाला. आता आजी पुन्हा मिटणार, असं मला वाटलं. पण त्या इंग्रजीतच बोलल्या, मला कळावं म्हणून असेल.

"तुझ्या मावशीचं पान आहे."

साठीला आलेला तो माणूस आईकडे बघतच राहिला. मग त्याने मावशीचं नाव विचारलं, आणि आजींनी ते सांगितलं.