एक्सरेवाल्या काकांची शिकवणी

आपल्या देवाविषयी दुसऱ्याला सांगा, असं शिकवणारी माणसं मी ढिगानं पाहिली. पण ते शिकवताना आधी पोरांची तोंडं बंद करणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच झाला असेल, तो म्हणजे आमचे एक्सरेवाले काका. भांडुपला आमची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये उपासनेला जमते. तिथला तरुण संघ, म्हणजे विशीतली आम्ही दहा-बारा टाळकी, काकांच्या ताब्यात होता. काका मूळचे नगरकडचे. एका मोठ्या इस्पितळात लोकांच्या छातीचे एक्सरे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि "श्वास घ्या, रोखा, सोडा" हे शब्द जिभेला कायमचे चिकटले. कुणाच्या पोराला उचकी लागली, कुणी प्रार्थना करताना अडखळलं, पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं, की मागच्या बाकावरून काकांचा खालच्या पट्टीतला आवाज यायचा, "रोखा... सोडा." आणि पाळकसाहेब खरोखरच सोडायचे. मंडळीतल्या बायका काकांना त्याबद्दल मनोमन दुवा देत.

त्यांच्या खोलीत पहिल्यांदा गेलेला माणूस चहा अर्धा टाकून उठत असे. पश्चिमेच्या उन्हाला आडोसा म्हणून त्यांनी खिडकीच्या काचांना जुन्या एक्सरेच्या फिल्म चिकटवल्या होत्या. बाहेर ऊन चढलं की आत बरगड्या उजळायच्या. आपण बिस्किट बुडवायचं आणि समोर कुणाचं तरी फुप्फुस पांढरं पडलेलं बघायचं. यातले बरेच जण आता नाहीत, हेही काका शांतपणे सांगत, आणि वर विचारत, "अजून एक बिस्किट?" तक्रार केली तर म्हणायचे, "तरुण पोरांनी मरण अधूनमधून बघावं. भाषण आटोपशीर होतं."

पत्रकांचा त्यांना भयंकर तिटकारा. एका नाताळाच्या आधी आम्ही उत्साहाच्या भरात भांडुप स्टेशनबाहेर सुवार्तेची, म्हणजे येशूविषयीची, पत्रकं वाटली. पिशवी रिकामी झाली म्हणून एकमेकांना टाळ्या देत हॉलवर परतलो, तर मागोमाग काका आले. आम्ही वाटत होतो तेव्हा ते पन्नास पावलं मागून चालत होते आणि लोकांनी फेकलेली पत्रकं गटारातून, भाजीवाल्यांच्या पाट्यांखालून, एकदा तर गाईच्या तोंडातून काढत होते. ती सगळी त्यांनी हॉलमधल्या बाकांवर वाळत घातली. ओरडले नाहीत, काही नाही. फक्त म्हणाले, "जिला चघळावंसं वाटलं ती तेवढी गाय. तिच्यासाठी प्रार्थना करा." तो वास रविवारपर्यंत गेला नाही.

त्यांची पद्धत अशी, की प्रत्येकानं एकच माणूस निवडायचा. गल्ली नाही, कॉलेज नाही, एक माणूस. रविवारी हॉलच्या दारात काका उभे राहत आणि हात हातात घेऊन विचारत, "तुझा माणूस कसा आहे?" त्या माणसाशी देवाचा विषय काढण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. त्याच्या आईचं नाव काय? तो डब्यात काय आणतो? आणि त्याला झोप कशानं येत नाही? आमचा रोहन भारी हुशार. त्यानं आपला न्हावी निवडला आणि दाढी करून घेता घेता त्याला अख्खी सुवार्ता ऐकवून आला. काका हादरलेच. "अरे, वस्तरा तुझ्या गळ्याशी आणि बोलतोयस तू?" मग शिक्षा म्हणून रोहननं त्याच खुर्चीत बसून वर्षभर अवाक्षर न बोलता केस कापून घ्यायचे, असं ठरलं. रोहनच्या डोक्यावर काही उरेना. त्याच्या आईला वाटलं पोरगा संन्यास घेतोय. पण आठव्या महिन्यात त्या न्हाव्यानं कात्री खाली ठेवली आणि घर सोडून गेलेल्या आपल्या मुलाबद्दल रोहनला सांगितलं. रोहन तिथं ढसाढसा रडला आणि काय बोलायचं तेच विसरला. काकांनी त्याला पोटाशी धरलं.

याचा अर्थ काका आम्हाला कायमचं मुकं करू बघत होते असा नाही. उलट एखादा लाजून लपायला लागला तर त्यांचा पारा चढायचा. "कुणी विचारलं तर सरळ सांगायचं. आपल्याला कुणी सावरलं त्याचं नाव दडवायचं नाही. तू हे सांगतोस म्हणजे आम्हाला बाटवायला आलास, असं कुणी म्हणालं तर तेही ऐकून घे. त्याच्या भीतीला कारणं असतील. पण विचारलंय त्याला उत्तर दे. तुझं स्वतःचं दे, पाठ केलेलं नको." आम्ही त्यांच्यामागे त्यांची नक्कल करायचो. मी फार छान करायचे.

माझा माणूस म्हणजे सुजाता. हे तिचं खरं नाव नाही. घाटकोपरच्या एका फरसाणाच्या कारखान्यात मी बिलं करायचे आणि ती पॅकिंगवर होती. आम्ही एका वयाच्या, जेवायला रोज बरोबर. ती गोवंडीहून यायची, आईबरोबर राहायची, घर बौद्ध, वडील नव्हते. काकांच्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं मला आठवड्याभरात मिळाली. आईचं नाव कळलं. डब्यात बहुतेक सुकटीची चटणी असे आणि ती मला अर्धी द्यायची. तिसरं उत्तर मिळायला वर्ष लागलं.

त्या दिवसांत ती काळवंडत चालली होती. उन्हानं, असं सगळ्यांना सांगायची. एकदा जेवणं झाल्यावर हात धुताना म्हणाली, "ऐक ना, कुणाला बोलू नको. मला टीबी आहे. साधा नाही, गोळ्यांना दाद न देणारा. त्या गोळ्यांनीच काळी पडलेय. डॉक्टर बोलला, थुंकी आता साफ आहे, कामावर जा, कुणाला लागणार नाही. पण शेठला कळलं ना, तर वाट लागली. खायच्या वस्तूंचं काम, यार. कोण ठेवेल?" मी तिचा ओला हात धरला. कुणाला सांगणार नाही म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

त्याच आठवड्यात आमची प्रार्थनासभा होती. आमच्यात एक रीत आहे. प्रार्थनेच्या आधी पाळकसाहेब विचारतात, कुणाची काही विनंती? मग एकेक जण उठून आजाऱ्याचं, नोकरी शोधणाऱ्याचं, रुसलेल्या सुनेचं नाव देतो आणि सगळे मिळून त्यासाठी प्रार्थना करतात. लहानपणापासून आम्ही हेच बघत आलो. मंडळीसमोर प्रार्थनेसाठी नाव देणं म्हणजे कुणाचं गुपित फोडणं, असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही येत नाही. मी उठले आणि तिचं नाव दिलं, आजार सांगितला, गोळ्या सांगितल्या. खरं सांगायचं तर माझा माणूस किती जवळ आलाय, हे काकांच्या कानावर जावं असंही मला वाटत होतं. माझा गळा दाटून आला होता आणि दाटलेला गळा मला आवडतही होता. काका त्या दिवशी तापानं घरी होते. बाकी सगळ्यांनी मोठमोठ्यानं प्रार्थना केली. त्यात मंडळीतल्या एक मावशी होत्या, त्या आमच्याच कारखान्यात शेव तोलायच्या.

मावशींच्या मनात काळंबेरं तसूभरही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकिंगच्या टेबलाशी सगळ्या बायका उभ्या असताना त्यांनी सुजाताच्या डोक्यावरून हात फिरवला आणि प्रेमानं म्हणाल्या, "घाबरू नको हो बाळा, काल आम्ही साठ माणसांनी तुझ्या टीबीसाठी प्रार्थना केली."

सुजातानं माझ्याकडे बघितलं. बस, एकदाच बघितलं. दुपारच्या आत शेठनं तिला घरी पाठवलं आणि तिचं टेबल फिनाइलनं धुवून काढलं. ते धुतानाही मी बिलं करत होते.

संध्याकाळी काकांकडे जाऊन मी सगळं सांगितलं. ते खिडकीतल्या त्या बरगड्यांकडे बघत बसले होते. मग ताप अंगात असतानाच उठून चपला घालायला लागले. "चल."

"तिला काय सांगू, काका?"

"काय केलंस ते सांग. का केलंस ते सांगू नकोस."

"आणि प्रार्थना?"

"आज देवाचं नाव तोंडातून काढू नकोस पोरी. आज फक्त तुझं स्वतःचं नाव घे."

गोवंडीत सुजाताच्या आईनं दार उघडलं आणि मला बघून पुन्हा लावलं. आतून सुजाताचा आवाज मात्र आला. इतक्या वर्षांत त्यातला एक शब्द मी विसरलेले नाही. "तुझ्या देवाला एकटीनं सांगितलं असतंस, तर त्याला ऐकू गेलं नसतं का गं?" मी दाराबाहेर उभी राहून, मी केलं, माझी चूक झाली, एवढंच म्हणत राहिले. काका शेजारी उभे होते. त्यांनी ना मला थांबवलं, ना माझ्या वतीनं एक शब्द बोलले.

पुढच्या रविवारी काका हॉलमध्ये उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी या पोरांना ऐकायला शिकवलं. ऐकलेलं आपल्यापाशी ठेवायला शिकवायचं राहून गेलं. चूक माझी आहे." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मग हट्टानं त्यांनी आमची ती रीतच मोडून काढली. प्रार्थनेच्या विनंतीत परवानगीशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही, दुखणं सांगायचं नाही. काही महिने आमच्या सभेत फार मजा चालली. "एका व्यक्तीसाठी, एका गोष्टीसाठी, एका ठिकाणी" अशा प्रार्थना व्हायला लागल्या. पाळकसाहेब वैतागून म्हणाले, ही प्रार्थना आहे की कोडं? शेव तोलणाऱ्या मावशी तर रुसून दोन रविवार आल्याच नाहीत. मला हसू यायचं नाही.

कारण सुजातानं गोळ्या सोडल्या होत्या. काम नाही, शेजारी कुजबुजतात, मग गोळ्या कुणासाठी घेऊ, असं आईला म्हणाली. काका दर मंगळवारी आणि शुक्रवारी जायचे, मला घेऊन. तिसऱ्या आठवड्यात त्यांना आत घेतलं. मला पायरीवर बसवून ठेवलं, ते बरोबरच होतं. काका तिच्याशी फुप्फुसं सोडून जगातल्या सगळ्या गोष्टी बोलायचे. तिच्याकडून पत्त्यांमध्ये हरायचे आणि चिडायचे. दोन महिन्यांनी तिनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पण त्या दोन महिन्यांत व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढच्या एक्सरेची फिल्म काकांनी उजेडात धरली, आणि कुणाला न दाखवता पुन्हा पाकिटात घातली.

तोवर मला आत यायची परवानगी मिळाली होती. शेवटच्या महिन्यात एकदा आम्ही दोघीच असताना तिनं विचारलं, "तू खरंच मानतेस ना ते सगळं? कसं काय गं?" इतकी वर्षं ज्या प्रश्नाची तयारी केली होती तो समोर आला आणि पाठ केलेलं सगळं पळून गेलं. मी तिला माझे वडील गेले तेव्हाचं सांगितलं. तेव्हा मी कुणावर ओरडले, आणि ज्याच्यावर ओरडले तो निघून गेला नाही असं मला का वाटलं, ते अडखळत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मला नाही पटत," म्हणाली. "पण तू येत जा."

ती गेली त्या दिवशी त्यांच्या रीतीप्रमाणे वंदना झाली. काका आणि मी मागे बसलो होतो. मी तिला मारलं असं मी कधी म्हटलं तर काका तिथंच तोडायचे, "आजारानं मेली ती. तू फक्त तिचा विश्वास मोडलास. तेवढं पुरे आहे, जास्त घेऊ नकोस." हे सांत्वन होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही.

आता काका नगरला मुलीकडे असतात. कान पार गेलेत. तरुण संघ माझ्या गळ्यात पडलाय. "येत जा" म्हणाली होती, म्हणून गोवंडीला मी अजून जाते. तिची आई दार उघडते, चहा देते, फार बोलत नाही. सुजाताचं हे सगळं लिहू का, असं तिला विचारलं तेव्हा, नाव बदल आणि लिही, एवढंच म्हणाली.

गेल्या महिन्यात मी निघायला उठले, तर तिनं माझा पदर धरला. दार आतून लावलं. "तुमच्यात प्रार्थना करतात ना? माझ्यासाठी एक कर," म्हणाली. "पण इथंच कर, माझ्यासमोर. हळू कर." आणि कशासाठी करायची ते तिनं माझ्या कानात सांगितलं. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मी इतक्या हळू बोलले की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर काकांना फोन लावला. त्यांना सांगावंसं फार फार वाटत होतं. "काय? मोठ्यानं बोल! ऐकू येत नाही!" काका तिकडून ओरडत होते. मोठ्यानं बोलले असते तर आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना कळलं असतं. मी तब्येत विचारली आणि फोन ठेवला. तिनं काय मागायला सांगितलं, ते मी इथंही लिहिणार नाही.