नऊ नंबरचं नाव

ओबेद मासिंगचा चेहरा व्हानुआतूत फार थोड्यांना ठाऊक होता, पण आवाज साऱ्या बेटांना. पोर्ट व्हिलाच्या बाजारात त्याने अळकुड्यांचा भाव विचारला, की विकणारी बाई वर बघायची आणि म्हणायची, "अगं बाई, तुम्ही ते मेलेल्यांची नावं वाचणारे ना?" ओबेदला याचा राग यायचा. रोज दुपारी तो रेडिओवर लोकांचे निरोप वाचत असे, आणि त्यात कोण वारलं हे असायचंच. पण बोट कधी लागणार, कोणाची सून बाळंत झाली, कोणाची छत्री चर्चमध्ये राहिली, हेही असायचं. आणि फुटबॉल? अठ्ठावीस वर्षं फुटबॉलच्या मॅचचं धावतं वर्णन करत आला तो माणूस. ते नाही कोणाला आठवायचं.

तो मूळचा मालेकुला बेटावरच्या लोवाल गावचा. बत्तीस वर्षं शहरात राहिला, पण गाव काही त्याच्यातून गेलं नाही. त्यांच्याकडे सासरच्या माणसाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. सासऱ्याने जावयाचं नाही, जावयाने सासऱ्याचं नाही, मेव्हण्याने मेव्हण्याचं नाही. चुकून निघालंच, तर डुक्कर, चटया आणि कावाची, म्हणजे नशेचं पेय करतात त्या झाडाची, मुळी घेऊन त्या घरी जायचं आणि सगळ्यांदेखत माफी मागायची. हल्ली शहरातली पोरं याकडे काणाडोळा करतात. ओबेद करत नसे. त्याचा धाकटा भाऊ कालेब एकदा मेव्हण्याबरोबर नारळीखाली उभा होता. वरून नारळ सुटला. कालेबने मेव्हण्याच्या नावाने हाक मारली, मेव्हणा बाजूला झाला, वाचला. पंचायतीत ओबेद मोठा म्हणून बसलेला. त्याने भावाला सरळ डुकराचा दंड ठोकला.

"अरे दादा, डोकं फुटलं असतं त्याचं!"

"'अहो, बाजूला व्हा' म्हणता आलं असतं," ओबेद म्हणाला.

यानंतर कालेब त्याच्याशी धड बोलेनासा झाला. आणि मग ओबेदच्या मुलीचं, नेलीचं, लग्न झालं. मुलगा लोवालचाच, गुणी, कष्टाळू, बापाविना वाढलेला. सिमियन तामात त्याचं नाव. आपण ते खुशाल घेऊ, आपला तो कोणी जावई नाही. फक्त एक घोटाळा होता. सिमियन राष्ट्रीय संघाचा नऊ नंबरचा फॉरवर्ड होता.

सुरुवातीला निभावलं. मैत्रीच्या मॅच, वर्षाकाठी दोन-तीन. पण त्या वर्षी ओशनियातल्या राष्ट्रांची चषकस्पर्धा पोर्ट व्हिलालाच भरली, आणि आमची पोरं अशी काही खेळायला लागली की विचारू नका. मॅचमागून मॅच, आणि प्रत्येक मॅचमध्ये बॉल शेवटी जायचा कोणाकडे? ओबेद म्हणायचा, "बॉल नऊ नंबरकडे." मग म्हणायचा, "लोवालचा पोरगा सुटला!" एकदा तर घाईत म्हणाला, "ज्याची बायको फार छान लापलाप भाजते तो डाव्या बाजूने घुसला!" लापलाप म्हणजे कंद किसून पानात भाजलेली वडी; सगळ्या बेटांवर हशा पिकला. बसमध्ये लोक पैज लावायचे, आज म्हातारा काय म्हणणार याची.

उपांत्य सामना जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ओबेद नेहमीप्रमाणे निरोप वाचायला बसला. काचेपलीकडे डोरिस, तान्ना बेटाची, आवाजाची यंत्रं सांभाळणारी. निरोपांच्या चिठ्ठ्या तीच लावून ठेवायची. ओबेद एकापाठोपाठ एक वाचत गेला. सांतोची बोट एक दिवस उशिरा. एपी बेटावरच्या शाळेला सोमवारी सुट्टी. आणि मग, त्याच संथ आवाजात:

"मालेकुला, लोवालहून. फुटबॉलचं सांगणाऱ्या माणसास. माझे डोळे गेले, आता कानच उरले आहेत. मी प्रत्येक मॅच ऐकते. अकरा जण खेळतात म्हणे. मी दहाच नावं मोजली. माझा मुलगा खेळतो आहे का, की बाकावर बसून पाणी पितो आहे? मला रीत माहीत आहे. तरी एकदा नाव कानावर पडावं असं वाटतं. आपली..."

 खाली लिहिलं होतं 'विहीण'. थेट प्रसारण. सगळा देश ऐकतोय. त्याने घसा खाकरला, "आपली विहीण" असं वाचलं, आणि पुढची चिठ्ठी उचलली. ती कोणाच्या तरी हरवलेल्या कुत्र्याची होती.

काचेपलीकडे डोरिस तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

"तू मुद्दाम ठेवलीस ती," बाहेर आल्यावर ओबेद म्हणाला.

"काका, माझं काम निरोप लावायचं. तुमचं वाचायचं." मग जरा हसू आवरून म्हणाली, "घ्या ना एकदा नाव. म्हातारी आहे."

"आणि मी कालेबला दंड केला तो? लोक म्हणतील, लोका सांगे ब्रह्मज्ञान."

घरी बायको मिरियमही तेच घेऊन बसली. तिने ताटात मासा आदळला, याचा अर्थ ओबेदला बरोबर कळला.

"बोल की," तो म्हणाला.

"मी काय बोलणार? विहीणबाईंनी एकटीने वाढवलं त्या पोराला. पहिले बूट घेतले ते चटया विणून. डोळे त्यातच गेले असं नेली म्हणते. बाकी तुम्ही आणि तुमची रीत."

"रीत माझी एकट्याची आहे होय?"

"नाही हो. पण तिचं ओझं मात्र तुम्ही एकट्यानेच उचललंय."

ओबेद त्या रात्री नीट झोपला नाही. खरं सांगायचं तर त्याला विहीणबाईंचं पटलं होतं, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी निरोपांच्या शेवटी त्याने स्वतःचा एक निरोप वाचला: "लोवालला. निरोप पोचला. मुलगा खेळतो आहे, बाकावर नाही. रीत ती रीत. क्षमा असावी." त्याला वाटलं, मिटलं.

अंतिम सामना शनिवारी दुपारी तीन वाजता, फिजीशी. मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. आंब्याच्या झाडांवर माणसं, छपरावर माणसं. चर्चच्या बायका एकसारखे फुलाफुलांचे झगे घालून आलेल्या, त्यांच्या गाण्यापुढे ओबेदला आपलाच आवाज ऐकू येईना. लाकडी टेबलाशी तो माइक धरून बसला, शेजारी कानावर हेडफोन लावलेली डोरिस.

पहिला अर्धा वेळ कोरा गेला. "नऊ नंबर, नऊ नंबर" करत ओबेदने निभावून नेलं. पण दुसऱ्या अर्ध्यात फिजीच्या एका धिप्पाड बचावपटूचं कोपर सिमियनच्या नाकावर बसलं. रक्ताची धार लागली, जर्सी लाल झाली. रक्ताची जर्सी घालून खेळता येत नाही. बाजूला नेऊन नाकात कापूस घातला, राखीव जर्सी चढवली आणि सोडला परत मैदानात. त्या जर्सीच्या पाठीवर काहीच नव्हतं, नऊ आकडाही नाही. कोरी.

"आता?" डोरिसने माइकवर हात ठेवून विचारलं.

"आता... कापूसवाला," ओबेद म्हणाला.

आणि तसंच सुरू झालं. "कापूसवाल्याने बॉल अडवला. कापूसवाला पडला, उठला." नाकातला कापूस पाच मिनिटांत गळून पडला आणि ओबेदची तीही सोय गेली. "आता बॉल कोणाकडे आहे हे मी सांगू शकत नाही," तो हताश होऊन म्हणाला, "पण ज्याच्याकडे आहे तो चांगला खेळतोय."

तीन मिनिटं उरली होती. आमच्या गोलकीपरने लांब लाथ मारली. बॉल मधल्या रेषेच्या पुढे पडला, उसळला, आणि त्या कोऱ्या जर्सीने तो छातीवर घेतला. एकाला चुकवलं. दुसरा घसरला. तिसरा तोच कोपरवाला, त्याच्या पायांमधून बॉल काढला. ओबेद खुर्चीवरून उठला होता हे त्याला कळलंही नाही. समोर फक्त गोलकीपर.

"सिमियन!" ओबेद ओरडला. "मार सिमियन! मार! गोऽऽल! सिमियन तामात! माझा सिमियन तामात!"

मैदान फुटलं. चर्चच्या बायका मैदानात शिरल्या. डोरिस टेबलावर चढून नाचत होती. आणि ओबेद माइक धरून उभा, तोंड उघडं, जणू बाहेर पडलेलं नाव हवेतून परत गिळता येईल. तीन मिनिटं कशी सरली ते त्याला आठवत नाही. चषक आला. तिकडे मैदानात सिमियन पोरांच्या खांद्यावरून खाली उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला. ध्वनिक्षेपकावरून सासऱ्याचा आवाज त्यानेही ऐकला होता.

संध्याकाळी नाकामालात, कावा पिण्याच्या अड्ड्यावर, ओबेद एका कोपऱ्यात करवंटी घेऊन बसला. तिथे मोठ्याने बोलत नाहीत, म्हणून सगळे हळू आवाजात हसत होते. कालेब आला, शेजारी बसला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

"दादा."

"हं."

"'अहो, गोल मारा' म्हणता आलं असतं."

ओबेदने त्याच्याकडे पाहिलं. मग दोघेही खांदे हलवत हसले, ओबेदला ठसका लागेपर्यंत.

पुढच्या बोटीने ओबेद लोवालला निघाला. मिरियमने विणलेल्या चटया, कावाची मुळी आणि चांगलं गुबगुबीत डुक्कर. डुक्कर सांभाळायला कालेब आला. "मला अनुभव आहे," तो म्हणाला.

अंगणात सगळा गाव जमला होता. ओबेदने चटया ठेवल्या, मुळी ठेवली, डुकराची दोरी विहीणबाईंच्या मोठ्या दिराच्या हातात दिली आणि मान खाली घालून म्हणाला, "चूक झाली. तोंडाला आवर राहिला नाही." दिराने दोरी घेतली. झालं, रीत पुरी झाली.

विहीणबाई वडाखाली चटईवर बसल्या होत्या, रेडिओ मांडीशी. डोळे पांढरट, चेहरा आवाजाच्या दिशेला.

"व्याही, एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही चूक केली म्हणता, पण मला काही ऐकू नाही आलं."

"म्हणजे?"

"बॉल माझ्या मुलाकडे आला तेव्हाच हे सगळे ओरडायला लागले. पोरं, कुत्री, हे माझे दीर, सगळे. रेडिओ मांडीवर, तरी एक अक्षर कळेना. गोल झाला हे मला नंतर सांगितलं. नाव घेतलं तेही नंतर सांगितलं." त्यांनी पुढ्यातली नवी चटई चाचपली. "असो. चटया छान विणल्यात आमच्या विहीणबाईंनी."

गाव खाली बघू लागला. दीर डुकराच्या कानाशी चाळा करू लागले. ओबेद तसाच उभा राहिला. त्या दिवशी तोंडातून निसटलं होतं. आज निसटणार नव्हतं. आज घेतलं, तर जाणूनबुजून, दिवसाढवळ्या, सगळ्या गावादेखत घेतलं असं होणार, आणि उद्यापासून पंचायतीत तो कोणाला काय सांगणार?

"दादा," मागून कालेब हळूच म्हणाला. "घे तू. या वेळचं डुक्कर माझं."

ओबेदने घसा खाकरला. हातात माइक नव्हता, म्हणून काय करायचं ते न कळून त्याने मूठ तोंडासमोर धरली.

"दुसरा अर्धा वेळ," तो म्हणाला, आणि तो सगळ्या बेटांना ठाऊक असलेला आवाज अंगणात भरला. "तीन मिनिटं बाकी. आपल्या गोलकीपरची लांब लाथ. बॉल मधल्या रेषेच्या पुढे पडला, उसळला. छातीवर घेतला कोणी? सिमियनने घेतला. सिमियन तामात. लोवालचा. एकाला चुकवलं. दुसरा घसरला. समोर तिसरा, ज्याने नाक फोडलं तोच. सिमियनने त्याच्या पायांमधून बॉल काढला. आता पुढे कोणी नाही, विहीणबाई, फक्त गोलकीपर. सिमियन तामातने मारला. उजव्या पायाने, खालून, कोपऱ्यात. गोल. तुमच्या सिमियन तामातचा गोल."

अंगणात कोणी हूं की चूं केलं नाही. पोरांनी एकमेकांच्या तोंडांवर हात ठेवले होते. विहीणबाई मान जराशी कलती करून बसल्या होत्या, आणि डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

मग त्या गावाकडे वळून म्हणाल्या, "हं. आता ओरडा."