येरवड्याचा जावई

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जिन्याखाली चपला साचतात तसे ते साचतात. एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नसते, आणि निम्म्या चपलांचे मालक केव्हाच निघून गेलेले असतात.

आमचं ऑफिस येरवड्यात. पुण्यात कुणाला नुसतं "मी येरवड्याला असते" असं सांगून बघा. समोरच्याला आधी तुरुंग आठवतो, मग मनोरुग्णालय. मग तो जरा अंदाज घेत विचारतो, "किती वर्षं झाली?"

"चौदा," मी खरं तेच सांगते. तो दोन पावलं मागे सरकतो! "अहो, सॉफ्टवेअर कंपनीत," असं म्हटलं तरी त्याच्या चेहऱ्यात फारसा फरक पडत नाही.

*

आमची टीम टेस्टिंगची. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या आणि नोंदवायच्या. म्हणजे पुणेकराला जन्मतः जे येतं, त्याचाच पगार घ्यायचा. टीमची लीड मी, पण सगळ्यात तरबेज आमचे बापट. नारायण पेठेतले, वय अठ्ठेचाळीस, शर्ट कायम खोचलेला.

गेल्या वर्षी कंपनीनं एआयचं टूल आणलं. त्याचं नाव असं चकचकीत इंग्रजी, की ते आजतागायत कुणाच्या तोंडात बसलेलं नाही. त्याच्या स्वागताला केक कापला. वर आम्हाला मेल आलं, "सुरुवातीला तो चुकेल. हसू नका. त्याला रुळायला वेळ द्या."

बापटांनी मेल दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बहिणीच्या लग्नानंतर तिच्या नवऱ्याबद्दल आमच्या वडिलांनी अगदी हेच सांगितलं होतं."

त्या दिवसापासून टूलचं नाव पडलं, जावई!

*

जावयाला तयार करायचं काम बापटांकडेच आलं. इतक्या वर्षांत त्यांनी लिहिलेले सगळे बग रिपोर्ट, म्हणजे चुकांच्या नोंदी, त्याला वाचायला दिले. आता बापटांचे रिपोर्ट इंग्रजीत असले तरी त्यांचा जीव नारायण पेठेतच. "बटण दाबले. काही झाले नाही. काही व्हावे अशी अपेक्षा होती का, ते कळवावे." हा त्यांचा सौम्य नमुना.

पुढे परदेशी क्लायंटसमोर जावयाचा डेमो झाला. त्यांचं सॉफ्टवेअर त्यानं झटक्यात तपासलं आणि मोठ्या पडद्यावर पहिला रिपोर्ट उमटला, "चुकीचा पासवर्ड दिला तरी आत घेतले. मग विचारता कशाला?"

क्लायंट बिचारा गोंधळून म्हणाला, "तुमचं टूल आमच्यावर चिडलंय का?" आमचे मॅनेजर रेगे सर एसीत घामाघूम!

बापट शांतपणे म्हणाले, "चिडलेलं नाही. वळण लागलंय."

*

आमच्या शेजारच्या टीममधला दत्ता. कोड लिहिणारा. मांजरी गावचा, घरी अजून शेती आहे. त्याचाही बराचसा कोड आता जावईच लिहितो आणि दत्ता तो तपासतो. एकदा घरी वडिलांनी त्याला चांगलं पकडलं.

"काय रं, तुझं काम आता मशीन करतंय म्हणं. मग तू काय करतुस?"

"मशीननं नीट केलंय का, त्ये बघतो."

"मंजी मुकादम झालास की! मग मशीन तुझं ऐकतं का?"

"न्हाई. मीच त्याचं ऐकतो."

"मग मुकादम त्ये हाय," वडील म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले. दत्तानं हे आम्हाला हसत हसतच सांगितलं. पण त्या दिवशी डब्यातली भाकरी त्यानं तशीच परत नेली.

*

जावयाला मराठीही कळतं, याचं रेगे सरांना कोण कौतुक! म्हणून आणखी एक काम त्याच्यावर सोपवलं. आमच्या ऑफिसात आता कुणाची ठरलेली खुर्ची नसते. रोज ग्रुपवर कोण काय लिहितं ते जावई वाचतो, सकाळी सगळ्यांना त्याचा सारांश पाठवतो आणि जो येणार असेल त्याची जागा राखून ठेवतो.

एका संध्याकाळी सिस्टिम पार झोपली. दत्तानं ग्रुपवर लिहिलं, "वाट लागली!" खाली मी लिहिलं, "पुरती वाट लागली."

सकाळी जावयाचा सारांश आला, "दत्ता यांना वाट सापडली असून वृंदा मॅडमनी त्यास पूर्ण दुजोरा दिला आहे."

रेगे सरांनी दोघांचं अभिनंदन केलं, आणि तेही क्लायंटला मेलच्या कॉपीत ठेवून! आम्ही आठवडाभर हसत होतो. बापटांनी मात्र रीतसर बग नोंदवला. "जावयास मराठी वाचता येते. ऐकू येत नाही."

*

बापटांची लेक यंदा बारावी झाली. कॉलेजचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरला जाऊ का?"

"मग? काय सांगितलंत?" मी विचारलं.

"बघू म्हणालो."

आता पुण्यात 'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. दुकानदार म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, मुलीकडचे म्हणतात. 'बघू' म्हणजे सभ्य भाषेत 'नाही'. ज्या धंद्यावर या माणसानं घर उभं केलं, त्याच धंद्याला लेकीसाठी त्यानं नाही म्हटलं होतं. बापट आपले डब्याचं झाकण लावत बसले.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रेगे सरांनी मला खोलीत बोलावलं.

"वृंदा, जावई आता तयार झालाय." त्यांच्याही तोंडात तेच नाव बसलं होतं. "वरून सांगितलंय, टीम लहान करा. बापट, आणि त्यांच्या हाताखालच्या दोघी, स्नेहल आणि अनघा." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

मी भडकलेच. "अहो सर, त्याला तयार कुणी केलं? बापटांनी! ज्यानं शिकवलं त्यालाच काढता?"

"शिकवून झालं ना," सर म्हणाले.

माणूस वाईट नाही हो. त्यांनाही वरून कुणीतरी असंच ऐकवलं असणार. मी भांडले, वरपर्यंत गेले, मेलवर मेल लिहीत राहिले. उत्तरं इतकी गोड आणि गुळगुळीत आली, की तीही बहुतेक जावयानंच लिहिली असावीत. शेवटी बापटांना सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

कॅन्टीनमध्ये सांगितलं. बापटांनी सगळं ऐकून घेतलं. कपातला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि म्हणाले, "जावई म्हटला की हुंडा आलाच."

हसायचं होतं, पण दोघांनाही जमलं नाही. मग कधी नव्हे त्या आवाजात त्यांनी विचारलं, "या वयात मला आता कोण घेणार हो, मॅडम?"

मी म्हटलं, "घेतील." चुका काढण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याला काय कळायचं राहणार?

*

शेवटच्या दिवशी निरोपसमारंभाला बापटांनी साफ नकार दिला. "केक आणला होता ना जावयाला? तेवढा पुरे."

भाषण नाही, फोटो नाही. संध्याकाळी सहाला तिघांचे कॉम्प्युटर बंद होणार होते. त्याच्या जरा आधी ग्रुपवर बापटांचा एकच शब्द आला.

"येतो."

खाली स्नेहलनं लिहिलं, "येते." अनघानं लिहिलं, "मीपण येते."

दत्तानं लिहिलं, "या, सर." मला दुसरं काही सुचेना. मीही लिहिलं, "या."

मग तिघंही लिफ्टनं खाली गेले.

सकाळी नेहमीच्या वेळेला जावयाचा सारांश आला.

"बापट, स्नेहल आणि अनघा येत आहेत. नेमकी वेळ कळवलेली नाही. दत्ता आणि वृंदा मॅडम यांनी त्यांना आग्रहाने बोलावले आहे. तिघांच्याही जागा राखून ठेवल्या आहेत."

रेगे सर खोलीतून बाहेर आले. त्या तीन रिकाम्या खुर्च्यांकडे त्यांनी बघितलं आणि मग माझ्याकडे.

"वृंदा, वाचलंस ना? चूक आहे ही. बग नोंदवून टाक."

दत्तानं मान वर केली.

"बघू," मी म्हटलं.