तळपायाने ऐकणारा प्राणी

वनिता सोमवारी गेली, आणि तिचे मार्क्स वाढवायचे राहिलेत. म्हणून लिहिते आहे.

वनिता माझी एके काळची नववीची विद्यार्थिनी. कॅन्सर झाला होता. वय सत्तेचाळीस.

धारवाडच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवत असे. उत्क्रांतीचा धडा आला की वर्गात चिठ्ठ्या काढायला लावायचे. प्रत्येक चिठ्ठीवर आपल्याच भागातली एक जागा. अळणावरचं जंगल. केशवापूरच्या विजेच्या तारा.

त्या जागी लाखो वर्षं राहून कसा प्राणी तयार होईल, तो काढायचा.
नियम एकच. आधी संकट लिहा, मग अवयव.

वनिताला तारिहाळ आलं. कारखान्यांचा भाग.

संकट: आवाज.
प्राणी बुटका, रुंद पावलांचा. कानांवर कातड्याची झापडं.

मी विचारलं, "कान बंद. मग पिल्लाची हाक याला कळणार कशी?"

"पिल्लू पाय आपटतं, बाई. याला तळपायातून कळतं."

"कुठे पाहिलंस असं?"



उत्तराची वाट न बघता मी वर्गाला म्हणाले, "आवाजात काम करून माणूस बहिरा झाला, तरी त्याची पोरं बहिरी जन्मत नाहीत. ही उत्क्रांती नव्हे."

वर्ग हसला. वनिता खाली बसली. नंतर वर्षभर तिने हात वर केला नाही.

लाल शाईत शेरा दिला: नुसती कल्पना. निरीक्षण नाही. दहापैकी दोन.

एवढ्यावर थांबले नाही. 'असं काढू नये' म्हणून ती शीट लॅबच्या भिंतीवर टाचली. दरवर्षी नवी बॅच तिला हसायची.

कॉलेजात असताना वनिता एकदा भेटायला आली. भिंतीकडे बघून म्हणाली, "अजून जिवंत आहे की हा, बाई."

"चुकीचा नमुना म्हणून ठेवलाय."

"राहू द्या. सवय आहे त्याला."

काल केशवापूरला त्यांच्या घरी गेले. तिचे वडील अप्पा माडीवर, फळ्यांच्या जमिनीवर अनवाणी बसलेले. पाठ आमच्याकडे.

मी हाक मारली. हालचाल नाही.

"उपयोग नाही, बाई," वनिताची धाकटी बहीण शोभा म्हणाली. "तारिहाळला घणाच्या मशीनवर होते. आम्ही लहान होतो तेव्हाच कान गेले."

तिने फळीवर टाच आपटली. दोनदा.

अप्पा वळले. "बर्री बाई, या. बसा."

"ही अक्काचीच युक्ती," शोभा म्हणाली. "दुसरीत असताना शोधलेली."

मला बसवेना.

घरी येऊन जुनी फाइल काढली; निवृत्त होताना ती शीट भिंतीवरून काढून त्यात ठेवली होती. शीटच्या तळाशी पेन्सिलीत एक ओळ आहे. तेव्हा मी ती वाचलीच नव्हती.
'ज्यांचे तळपाय जास्त हुशार होते, त्यांचीच पिल्लं वाचली.'

अख्खा धडा त्या ओळीत आहे.

कालपासून वरच्या मजल्यावर कुणी चाललं की मी मागे वळून बघते.

आज सकाळी पुन्हा गेले. अप्पांनी कागद बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "पाय माझेच काढलेत पोरीने."

वनिता, तुझ्या बाई चुकल्या. सुखाने जा.

अप्पांच्या हाती दिलं ते असं:
ड्रॉइंग शीट, एक. जुना शेरा खोडलेला. नवा शेरा: निरीक्षण उत्तम, दहापैकी दहा. खाली माझी सही.
कोपऱ्यांना टाचण्यांची चार भोकं. ती बुजवता आली नाहीत.