चौथ्या गठ्ठ्याचा कागद

ओलेटा ब्रांटला तो कागद शुक्रवारी सकाळी सापडला. मंगळवारी मतमोजणीला जेवण भरून नेलेली बर्फाची पेटी ती मागच्या अंगणात नळाखाली धूत होती. सँडविचच्या डब्याच्या बुडाला चिकटून एक पिवळा कागद वर आला, ओला, दोन घड्यांचा. तिने तो उलगडला आणि नळ तसाच वाहत राहिला.

"काय गं, विहीर काय तुझ्या बापाची आहे?" ग्लेन आतून ओरडला.

एरवी ती म्हणाली असती, "हो, बापाचीच." जागा खरंच तिच्या बापाची होती, आणि चाळीस वर्षं हा विनोद त्या घरात चालत आला होता. आज उत्तर आलं नाही, म्हणून ग्लेन बाहेर आला.

कागदावर तिच्याच हातच्या रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. वर लिहिलं होतं, केंद्र सात, गठ्ठा चार. खाली, हॅस्लेट सत्तावीस, मॅक्रॅकन तेवीस. आणि या सगळ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक काट मारलेली.

"मोजणीचा आहे," ती म्हणाली. "हा मतपेटीत सीलबंद व्हायला हवा होता."

"कुणी पाहिलाय?"

"मी."

"तू सोडून?"

"कुणी नाही."

"मग तू तरी कशाला पाहतेस?" असं म्हणून ग्लेनने नळ बंद केला.

आमच्या सँडी फोर्क काउंटीत नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती असते. टेक्सासच्या या भागात सगळे एकाच पक्षाचे, त्यामुळे खरा निकाल लागतो तो मार्चमध्ये, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत. यंदा विधानसभेच्या जागेसाठी जुना आमदार हॅस्लेट आणि नवा कोडी मॅक्रॅकन यांची लढत होती. हॅस्लेट राजधानीत, ऑस्टिनला जाऊन मऊ पडला, आपली माणसं विसरला, असं आमच्यातल्या पुष्कळांचं मत होतं. ओलेटाचंही होतं. सासष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्याने, तिने कोडीसाठी चारशे दारं ठोठावली होती. मतदारसंघातल्या तिन्ही काउंट्यांची मतं मिळून कोडी जिंकला होता, तो पाच मतांनी.

आणि मतं हातांनी मोजली गेली होती. तेही ओलेटामुळेच.

एकतीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. रोज चारशे ताटं, आणि किती वाढली हे ती पोळपाटाएवढ्या पाटीवर पाच-पाचच्या रेघांनी मोजायची. मग शाळेने कार्डाचं मशीन आणलं. पहिल्याच महिन्यात मशीन म्हणालं, एका मुलीने एका दिवसात दोनदा जेवण घेतलं. मुलगी रडत होती. ओलेटाची पाटी म्हणत होती, एकदाच. मुख्याध्यापकांनी मशीनचं ऐकलं. दोन आठवड्यांनी मशीन चुकलेलं निघालं, पण त्या मुलीची माफी कुणी मागितली नाही. ओलेटा तेव्हापासून म्हणायची, "माणूस चुकलं तर त्याच्या तोंडावर दिसतं. मशीनला तोंडच नाही."

दोन वर्षांपूर्वी पक्षाच्या सभेत तिने हेच सांगितलं, आणि सगळा हॉल उभा राहिला. मतांची मशीनं काढा, हातांनी मोजा. तेव्हा काउंटीचं निवडणुकीचं काम पाहणारी ट्वायला नावाची बाई होती. मशीनं ठीक आहेत, असं ती शांतपणे सांगायला गेली. लोकांनी तिला बोलू दिलं नाही. मग तिच्या पोर्चवर मेलेला साप कुणीतरी टाकला, तिच्या घरावरून गाड्या हळू जाऊ लागल्या, आणि सहा महिन्यांत ती घर विकून अमरिलोला बहिणीकडे गेली. साप ओलेटाने टाकला नव्हता. पण त्या सभेला पीच फळं भरून भाजलेली 'पाय' तिनेच करून नेली होती, चार ताटल्या.

म्हणून आता कागद हातात धरून ती जी घाबरली, ती उगाच नाही. आपली माणसं काय करू शकतात हे तिला बाहेरून कुणी सांगायची गरज नव्हती.

मंगळवारी काय झालं होतं, ते साधं होतं. एक बाई मतपत्रिकेवरचं नाव वाचायची, ओलेटा आणि तिची मैत्रीण जोनेल आपापल्या कागदावर रेघ ओढायच्या. पाचवी रेघ आली की दोघींनी मोठ्याने "पाच" म्हणायचं. पन्नासांचा गठ्ठा संपला की दोन्ही कागद ताडून पाहायचे. जुळले नाहीत तर गठ्ठा पुन्हा मोजायचा. पण मध्यरात्र उलटली, वाचणारीचा घसा बसला, आणि "पाच" म्हणायचं केव्हा सुटलं ते दोघींनाही कळलं नाही. चौथा गठ्ठा जुळला नाही. जोनेलकडे कोडी सत्तावीस, हॅस्लेट तेवीस. ओलेटाकडे बरोब्बर उलट.

"माझ्यावरून उतरव गं बाई," जोनेल म्हणाली होती. "माझी पाठ गेली."

ओलेटाने आपला कागद काटून जेवणाच्या पेटीवर ठेवला, नवा घेतला आणि उतरवला. मग केंद्रप्रमुख म्हणून खाली सही केली. सहीच्या वर छापलेलं होतं, शपथेवर.

शुक्रवारी दुपारी तिचे केस सेट करायची वेळ ठरलेली असे. जोनेलचं पार्लर तिच्याच घराच्या मागच्या खोलीत. ड्रायरखाली दुसरी बाई बसली होती, म्हणून ओलेटा हळू आवाजात बोलली.

"चौथा गठ्ठा आपण परत मोजला नाही, जोनेल."

"मोजला. मान सरळ ठेव."

"मी तुझ्यावरून उतरवला."

"तेच ते. जुळल्याशी कारण."

"जुळला नाही गं. आपण जुळवला. माझा कागद सापडलाय. तो बरोबर असेल तर कोडी तीन मतांनी हरतो."

जोनेलने रोलर इतका घट्ट ओढला की ओलेटाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझाच बरोबर कशावरून?"

"एकतीस वर्षांत माझं एक ताट चुकलं नाही."

"हं. तू पेन्शनवर बसलीयेस, ओलेटा. मी या बायकांची डोकी धुते तेव्हा माझ्या घरी चूल पेटते. आणि यातली एकही बाई हॅस्लेटची नाही. माझं नाव घेतलंस तर मी काय ट्वायलासारखी गाव सोडू? मला तर अमरिलोला बहीणही नाही."

त्या दिवशी केसांवर स्प्रे मारायचं जोनेल विसरली. की मुद्दाम मारला नाही.

रविवारी चर्चमध्ये कुणी काही म्हटलं नाही, आणि ओलेटा शेवटचं गाणं संपायच्या आत निघाली. सोमवारी जोनेलच्या नवऱ्याने ओलेटाचं त्यांच्याकडे राहिलेलं कॅसरोलचं भांडं आणून दिलं. बुडाला चिकटपट्टीवर तिचं नाव लिहिलेलं, तेच. भांडं रिकामं होतं. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चार बिस्किटं तरी घालतात. ओलेटाने ते झाकण उघडून दोनदा पाहिलं.

मंगळवारी पक्षाचा काउंटी अध्यक्ष रॉय डेल पिकेट आला. पिकअपमधून उतरला, पण घरात आला नाही, टोपी काढली नाही.

"मिस ओलेटा, तुमची पीच पाय अजून जिभेवर आहे माझ्या."

"आत या, रॉय डेल. कॉफी आहे."

"नको. गुरुवारी निकालावर सही-शिक्का करायची बैठक आहे, तेवढी आठवण करायला आलो. तुमच्या केंद्राचं नाव घेतलं की उभं राहायचं, 'बरोबर' म्हणायचं, बसायचं. दरवेळचंच."

"आणि बरोबर नसेल तर?"

तो हसला. "दमलेल्या माणसाला काहीबाही आठवतं."

"मला आठवत नाहीये. माझ्याकडे कागद आहे."

रॉय डेलने घरामागच्या ड्रमकडे हात केला. "कचरा अजून ड्रमातच जाळता ना तुम्ही? आज वारा नाही. जाळायला चांगला दिवस."

तो गेल्यावर ओलेटाने दाराला कडी लावली. भर दुपारी. त्या घराच्या दाराला दिवसा कडी लागलेली मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती, आणि मी कुंपणापलीकडेच राहते. नंतर, चवळीच्या शेंगा सोलताना तिने मला सांगितलं की त्या दुपारी ती काड्यापेटी घेऊन ड्रमपर्यंत गेली होती. काडी ओढलीही. मग तिला ती मशीनने खोटी ठरवलेली मुलगी आठवली, असं काही ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "काडी विझली, आणि दुसरी मी ओढली नाही."

गुरुवारी संध्याकाळी फायर स्टेशनचा हॉल भरला होता. घडीच्या खुर्च्या, कॉफीचं मोठं भांडं, आधी प्रार्थना, मग झेंड्यासमोर शपथ. कोडी मॅक्रॅकन पहिल्या रांगेत बायकोसह. रॉय डेलने एकेक केंद्राचा आकडा वाचायला घेतला. केंद्र एक. "बरोबर." केंद्र दोन. "बरोबर." माणसं उभी राहत, बसत. ओलेटाच्या मांडीवर पर्स होती आणि पर्सची साखळी वाजत होती. ग्लेनने त्यावर हात ठेवला.

"केंद्र सात."

ती उठली. गुडघा समोरच्या खुर्चीवर आपटला.

"बरोबर नाही," ती म्हणाली, पण इतकं हळू, की रॉय डेल "धन्यवाद, मिस ओलेटा" म्हणून पुढे गेला.

"केंद्र आठ..."

"रॉय डेल! बरोबर नाही म्हटलं मी."

मग तिने सांगितलं. "गठ्ठा चार जुळला नव्हता. नियमाप्रमाणे पुन्हा मोजायला हवा होता. मी मोजला नाही. सही माझी आहे." जोनेलचं नाव तिने घेतलं नाही, पण सगळा हॉल जोनेलकडे वळला. जोनेल कॉफीच्या भांड्याजवळ कागदी पेले एकात एक घालत होती.

"ऑस्टिनहून काय पाठवलं गं तुला हॅस्लेटने?" मागून आवाज आला.

"बसा खाली!"

"दोन वर्षं आमच्यात बसून आमचंच—"

ओलेटाने वळून पाहिलं. "डस्टी वॉर्ड, तुला मी बारा वर्षं वाढलंय. तुझं ताट कधी चुकवलं मी?"

डस्टी खाली बसला. बाकीचे बसले नाहीत. मीही त्या हॉलमध्ये होते. तिच्या बाजूने बोलायला मी उठले नाही, हे इथे लिहून ठेवते.

हॅस्लेटने त्याच आठवड्यात फेरमोजणी मागितली. मधले बारा दिवस ओलेटा कशी जगली, ते ग्लेनलाच ठाऊक. फोन वाजायचा आणि पलीकडे कुणी बोलायचं नाही. अंगणातली कोडीची पाटी, जी तिने अजून काढली नव्हती, कुणीतरी उपटून तिच्याच पोर्चवर उलटी टाकली. एक पांढरी गाडी घरावरून हळू जायची. ग्लेन म्हणाला, "टपालवाला असेल." रविवारी टपाल येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. एकदा तिने अमरिलोचा नंबर शोधून ट्वायलाला फोन लावला. आपलं नाव सांगितलं. ट्वायलाने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"बरोबर केलं तिने," ओलेटा ग्लेनला म्हणाली.

या सगळ्या भीतीत एकच गोष्ट तिला धरून होती. आपला कागद खरा आहे. सत्तावीस, तेवीस. पेटी उघडेल आणि लोक पाहतील.

कोर्टाच्या तळघरात पेटी उघडली. दोन्ही बाजूंची माणसं, चार जणांचं टेबल, दर पाचव्या रेघेला मोठ्याने "पाच". ओलेटा बाहेर बाकावर बसली होती. इतर केंद्रांचे आकडे आहे तसेच निघाले. केंद्र सात, गठ्ठा चार, पंचवीस-पंचवीस.

जोनेलने हॅस्लेटची दोन कोडीला दिली होती. आणि कोडीसाठी चारशे दारं ठोठावणाऱ्या ओलेटाने कोडीची दोन हॅस्लेटला. कोडी मॅक्रॅकन एका मताने जिंकला.

ग्लेन खूश झाला. "झालं ना! तुझा माणूस आला, कुणी तुरुंगात गेलं नाही. आता तरी नीट झोप."

पण ओलेटा बाकावरून उठली नाही. "ग्लेन, मी चुकले होते."

"जोनेलही चुकली."

"जोनेल चुकतेच रे. मी चुकले." घरी येताना तिने तीनदा विचारलं, "त्या एकतीस वर्षांतली ताटं कुणी परत मोजली होती का?"

पुढच्या बुधवारी चर्चमध्ये जेवण होतं. जायला ती तयार नव्हती. ग्लेनने गाडी सुरू करून हॉर्न वाजवला तेव्हा गेली. बायका तिच्याशी बोलल्या, जेवढं बोलायलाच हवं तेवढं. जोनेल मोरीपाशी पाठ करून उभी होती. तीन आठवडे दोघींत शब्द नव्हता.

"ओलेटा, माणसं किती?" पास्टरच्या बायकोने सवयीने विचारलं. हे नेहमी तिलाच विचारायचे.

ओलेटा दारात उभी राहून मोजू लागली. त्रेसष्ट. तोंडापर्यंत आलेला आकडा तिने गिळला आणि पुन्हा मोजलं. चौसष्ट.

"जोनेल," ती म्हणाली. "तू मोज."

मोरीतलं पाणी वाहायचं थांबलं. जोनेलने ॲप्रनला हात पुसले, दारात येऊन तिच्या शेजारी उभी राहिली, आणि ओठ हलवत मोजू लागली.

"बोलू नकोस. नॅपकिनवर लिही."

दोघींनी लिहिलं. दोघींनी उलटून दाखवलं.

जोनेलने आधी आपल्या नॅपकिनकडे पाहिलं, मग ओलेटाच्या. "अगं बाई," ती म्हणाली.

ओलेटाने पास्टरच्या बायकोला हाक मारली. "तिसरं कुणीतरी लागेल गं."