मशीनची खंडेनवमी

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात एकही माग चालत नाही. वर्षभर ज्या खडखडाटात आम्ही ओरडून बोलतो, तो त्या दिवशी बंद असतो आणि सगळ्यांचे आवाज उगाच मोठे वाटतात. माग पुसायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, दारात कोहळा फोडायचा. कात्री, पाना, तेलाचा डबा, वजनकाटा, सगळ्यांची पूजा. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची आरती होईपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. हा नियम आमच्याकडे सासऱ्यांच्याही आधीपासून चालत आलाय आणि तो मोडलेला मी तरी पाहिलेला नाही.

त्या रांगेत शेवटी माझा कॉम्प्युटर असतो. मी चादरींची डिझाईन काढते. पडद्यावर चौकटी असतात. एक चौकट म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठ पडण्याची जागा. चौकट भरली की तिथे धागा वर येतो, रिकामी ठेवली की खाली जातो. अशा हजारो चौकटी भरल्या की मोर होतो, कमळ होतं, काठावरची वेल होते. मग ती फाईल पंचिंगवाल्याकडे जाते, तो तिच्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतो, त्या पट्ट्या मागावर चढतात. नवरा होता तेव्हा हे काम त्याचं होतं. मी शेजारी बसून शिकले. तो गेल्यावर कारखाना दिराने हातात घेतला आणि हे टेबल माझ्याकडे राहिलं. कारखान्यात माझं म्हणून एवढंच आहे, एक टेबल, एक खुर्ची आणि हे मशीन. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते नुसतं कॉम्प्युटरचं रडगाणं आहे असं ज्यांना वाटेल, त्यांना खुशाल वाटू दे.

परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या खंडेनवमीची गोष्ट. सकाळी शेवटची फाईल सेव्ह केली, पूजेची वेळ झाली म्हणून मशीन बंद करायला गेले, तर विंडोजने सांगितलं की अपडेट चालू आहे, बंद करू नका. पडद्यावर ठिपके गोल फिरायला लागले. जुनं मशीन, जुनी हार्ड डिस्क. ठिपके फिरतायत, टक्के पुढे सरकत नाहीत. इकडे सगळे माग गप्प उभे आणि माझं एकटं मशीन घरघरतंय. दीर ताट घेऊन एकेक माग करत माझ्या टेबलापर्यंत आला. आमच्या घरात तेलुगू चालते, त्यामुळे तो मला वदिना म्हणतो, म्हणजे वहिनी. बाकी बोलतो सोलापुरी.

"हे काय, चालूच हाय की वदिना."

"अपडेट होतंय. होईल बंद."

त्याने ताटाकडे बघितलं, कामगारांकडे बघितलं. "राहू दे. ते काय हत्यार हाय व्हय? चला पुढं."

आणि ताट पुढे गेलं. वजनकाट्याला कुंकू लागलं, तेलाच्या डब्याला लागलं, माझ्या मशीनला नाही. मला राग आला. चारचौघांत डोळ्यांत पाणी येईल की काय असं वाटलं, म्हणून मी पडद्याकडे तोंड करून बसले. माणसाने बंद हो म्हटल्यावर बंद होत नाही, ते यंत्र कसलं? मागाचा खटका ओढला की माग थांबतो. तो म्हणत नाही की थांबा बाई, माझं थोडं काम राहिलंय.

दसऱ्यानंतर मशीन लावलं तर डिझाईनचा प्रोग्राम उघडेना. तो प्रोग्राम एका प्लास्टिकच्या चिमुकल्या लॉकवर चालायचा. लॉक मशीनमध्ये खुपसलेलं असलं तरच उघडणार. अपडेट झालेल्या विंडोजला ते म्हातारं लॉक ओळखू येईना. ज्यांनी तो प्रोग्राम विकला होता त्यांनी कधीच दुकान गुंडाळलं होतं. मी लॉक काढलं, पुसलं, दुसऱ्या भोकात घातलं. मशीन रिस्टार्ट केलं. पुन्हा केलं. जगातल्या प्रत्येक बिघाडाला कॉम्प्युटरवाल्यांकडे रिस्टार्ट हे एकच औषध असतं. मग पडद्यावर निरोप आला की नवीन विंडोज आलंय, पण तुमचा कॉम्प्युटर त्याच्या लायकीचा नाही. शब्द गुळगुळीत होते, अर्थ तोच. अहो, लग्नाच्या स्थळासारखं नाकारताय काय! माझं मशीन चालतंय, चित्र काढतंय, हिशेब करतंय, त्याला काय झालंय?

दिराला आयतंच कारण मिळालं. "वदिना, आता बास की. सुरतेहून डिझाईन मोबाईलवर तयार येतंय. गड्डा उठेपर्यंत तुमचं मशीन चाललं तर ठीक, न्हायतर टेबल काढू. हितं सुताची पोती मावतील."

गड्डा म्हणजे आमची संक्रांतीची जत्रा. म्हणजे हातात दिवाळी आणि थंडीचे दिवस. माझ्या जागी सुताची पोती! मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, माझ्यावर पोती रचून दाखवाच.

दिवाळीत मुलगा पुण्याहून आला. तो कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. त्याने त्याचा मॅक माझ्या टेबलावर उघडला. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. रंग असे की पडद्यावरचं सूत हातात घ्यावंसं वाटतं. चालू केला की चालू, मिटला की बंद, मधलं नाटक नाही. पण त्याच्या कडेला माझा पेन ड्राइव्ह शिरेल असं भोकच नव्हतं. त्याला एक जोड घ्या, प्रिंटरला दुसरी जोड घ्या. पाहुण्यासारखा तो, आपणच त्याच्या सोयीने राहायचं.

"अम्मा, हा तुला ठेव. मी दुसरा घेतो."

"मला माझं मशीन चालवायचंय."

"मग लिनक्स टाकून बघ. जुन्या मशीनवर मस्त चालतं, फुकट आहे. पण तुझा तो प्रोग्राम त्याच्यावर चालणार नाही, हे आत्ताच सांगतो."

त्याने प्रामाणिकपणे सांगितलं आणि सुट्टी संपली म्हणून परत गेला. लिनक्स मी टाकलं. व्हिडिओ बघत, थांबवत, पुन्हा बघत. पहिल्यांदा मशीनने लिनक्स भरलेल्या पेन ड्राइव्हकडे ढुंकून पाहिलं नाही. चालू होताना कुठलं बटण दाबायचं ते कळायलाच अख्खी सकाळ गेली. नंतर आवाज गेला. आवाज आला तर मराठी टायपिंग गेलं. हे लिनक्सही काही गरीब गाय नाही. ऊठसूट पासवर्ड मागतं, काय बसवायचं म्हटलं तरी आधी ओळख दाखवा म्हणतं. पण विचारतं तरी! विंडोज मला न विचारता माझ्या सणाच्या दिवशी काम काढून बसलं होतं. आणि जो प्रिंटर विंडोजमध्ये शेजारी बसूनही ऑफलाइन म्हणून रुसायचा, तो इथे वायर लावल्याबरोबर छापायला लागला. मी एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

आता डिझाईन. जुन्या फायली त्या लॉकमागे अडकल्या होत्या, उघडणार नव्हत्या. पण फाईल अडकली म्हणून चादर कुठे अडकते? माझ्या कपाटात प्रत्येक डिझाईनचा नमुना घडी करून ठेवलेला आहे. नवऱ्याने काढलेला पहिला मोर काढला, टेबलावर पसरला, भिंग लावलं आणि धागे मोजायला बसले. लिनक्सवर चित्रं काढायचा एक साधा प्रोग्राम असतो, फुकटचा. त्यात चित्र मोठं करत गेलं की शेवटी चौकटीच दिसतात. मला आणखी काय हवं होतं? एक चौकट, एक गाठ. मोराची चोच, मान, पिसारा, जसा कापडात दिसत होता तसा चौकटी चौकटीने भरत गेले. हा डोळा त्याने किती वेळा खोडून काढला होता ते मला आठवत होतं. तो जुना प्रोग्राम जे काम ऐटीत करायचा ते मी हाताने केलं. वेळ लागला. लागू दे.

फाईल झाली. आनंदाच्या भरात मी ती पंचिंगवाल्याला मोबाईलवर फोटो म्हणून पाठवून दिली. सगळं जग तसंच पाठवतं. त्याने आलेल्या फाईलवरून पट्ट्या पाडल्या, दिराने मुद्दाम सगळ्यांसमोर एका मागावर नमुना लावला. मोर विणून बाहेर आला तेव्हा मान धूसर, डोळा गायब आणि अंगभर ठिपके. दिराने तो तुकडा दोन्ही हातांनी वर धरला.

"मोराला गोवर आलाय, वदिना."

कामगार हसले. मीही हसले असते, पण तो मोर माझ्या नवऱ्याचा होता. मी तो तुकडा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि टेबलाशी येऊन बसले. पंचिंगवाल्याला फोन लावला तर तोच माझ्यावर खेकसला. "अहो, तुमच्या फाईलमधी लाल आन् पांढऱ्याच्या मधी शंभर रंग आलेत की. मी भोक कुठं पाडू आन् कुठं न्हाय? मशीनला कळंना, अंदाजानं पाडलं."

मग मला उलगडलं. मोबाईलने फोटो पाठवताना चित्र दाबून लहान केलं होतं आणि दाबताना कडा पुसट केल्या होत्या. माणसाच्या डोळ्याला तो फरक कळत नाही, उलट चित्र मऊ दिसतं. पण मागाला मऊ चालत नाही. धागा वर असतो नाहीतर खाली, मधे कुठे लोंबकळत नाही. आणि चूक नुसती मोबाईलची नव्हती. मी चित्र काढताना ब्रश घेतला होता, पेन्सिल घ्यायला हवी होती. ब्रश कडेला आपलं आपण थोडं पुसटतो.

पुन्हा बसले. ब्रश सोडला, पेन्सिल घेतली. लाल आणि पांढरा सोडून सगळे रंग काढून टाकले, म्हणजे चित्राला तिसरा रंग आणायची सोयच ठेवली नाही. ज्या फाईलमध्ये चित्र दाबलं जात नाही त्या प्रकारात सेव्ह केली. पेन ड्राइव्हवर घेतली आणि रिक्षाने स्वतः पंचिंगवाल्याच्या दारात जाऊन हातात दिली. गड्डा भरतो त्या होम मैदानावर तेव्हा पाळणे उभे राहत होते. रिक्षावाला जत्रेतल्या गर्दीच्या नावाने कुरकुरत होता आणि मी पेन ड्राइव्ह मुठीत घट्ट धरून बसले होते.

गड्डा उठायच्या आत मोर मागावरून उतरला. डोळा जिथल्या तिथे होता. मी तो नमुना दिराच्या टेबलावर नुसता ठेवला आणि माझ्या जागेवर येऊन बसले. बोलायची फार इच्छा होती, पण गिळली. त्याने कापड उलटंपालटं करून पाहिलं, काठ ताणून पाहिला. टेबल काढायचं नाव पुन्हा निघालं नाही. कौतुकही झालं नाही. नसेना का.

पुढे सुरतेची तयार डिझाईन त्याने घेऊन पाहिली. तीच डिझाईन बाजारात दहा जणांकडे निघाली. मग हळूहळू व्यापारी विचारायला लागले, दुसऱ्या कुणाकडे नाही असं काही आहे का. दीर माझ्याकडे येऊन उभा राहायचा, आधी हवापाण्याचं बोलायचा आणि मग विषय काढायचा.

यंदाची खंडेनवमी. मी सकाळी मशीन बंद केलं. म्हटलं बंद हो, बंद झालं. पडदा काळा झाला, पंखा थांबला. मी धूळ पुसली, झेंडूची माळ घातली आणि बाजूला उभी राहिले. दीर ताट घेऊन एकेक माग करत आला. माझ्या टेबलाशी पोचला आणि त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. हैदराबादचा व्यापारी. त्याला नवीन काठाची फाईल आत्ता हवी होती, दिवाळीच्या मालाचं ठरायचं होतं. ती फाईल माझ्या मशीनमध्ये होती.

दिराने फोनवर हात ठेवला. "वदिना, जरा चालू करता का? पाच मिनिटांचं काम हाय. मग पूजा करू की."

सगळे कामगार बघत होते. गेल्या वर्षी हेच कामगार होते, हीच जागा होती.

मी म्हटलं, "मर्जी तुमची. हत्यार नसेल तर ताट घेऊन पुढं चला, मी फाईल पाठवते. हत्यार असेल तर कुंकू लावा."

फोनमधून व्यापाऱ्याचा हॅलो हॅलो ऐकू येत होता. माग बंद होते, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू येत होता. मग दिराने फोन खांद्याने कानाशी धरला, करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या मशीनला टिळा लावला.

"न्हाय शेठ, आज जमणार न्हाय," तो फोनमध्ये म्हणाला. "आमच्यात आज हत्याराला हात लावत न्हाईत."