काठाचा उतार

करीममिस्त्रीचा हौद गळाला असं हर्सूलमध्ये कुणी ऐकलेलं नव्हतं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, तिथं काठावरून थेंब बाहेर सांडला तरी त्याला तो स्वतःचा अपमान वाटे.

आणि म्हातारपणी त्याला नेमकं उलटं काम मिळालं. खुलताबादच्या डोंगरावरच्या हॉटेलात पोहण्याचा तलाव, त्याची दरीकडची भिंत बाकीच्यांपेक्षा किंचित ठेंगणी. तिच्यावरून पाणी पातळ चादरीसारखं ओघळायचं, खालच्या हौदात पडायचं, पंपानं परत वर यायचं. पोहणाऱ्याला भिंत दिसायचीच नाही; पाणी थेट आभाळाला टेकलंय असं वाटायचं. श्रीमंतांचे चोचले, दुसरं काय! पण करीमनं ते जीव ओतून केलं.

तलाव भरला तेव्हा पाणी एका कोपऱ्यातून धो धो गेलं, बाकीच्या काठाला ढिम्म बसून राहिलं. इंजिनियर प्रेरणानं काठ तपासला.

"करीमचाचा, उतार बाहेर हवा होता. तुम्ही आत दिलाय. त्यानं बाहेरची कड कमीजास्त वर आली."

"नाय मॅडम, असं व्हईलच कसं?" म्हणत त्यानं काठावरून तळवा फिरवला आणि त्याची कानशिलं तापली. नकाशा त्याला पाठ होता. हातानं मात्र आत उतार द्यायची जन्मभराची सवय सोडली नव्हती.

"मालक पुण्याची माणसं बोलवा म्हणतायत," प्रेरणा हळूच म्हणाली.

"मी केलंय, मीच फोडतो. एक डाव द्या."

रात्री जेवताना त्यानं घरी सगळं सांगितलं. परत हातानं दगा दिला तर? सगळं ऐकून त्याच्या बायकोनं, रईसानं, विचारलं, "हौदाचा काठ करताना तुमी बसता कुठं?"

"आत. अजून कुठं?"

"अन् उतार?"

"माझ्याकडं."

"मग हात ऐकत नसंल तर तुमीच जागा बदला की!"

करीम आधी चिडला. एवढ्या वर्षांचा हुन्नर, अन् ही बाई असली सोपी गोष्ट सांगते! मग मान डोलावून जेवू लागला.

काठ फोडून त्यानं दरीच्या बाजूनं परांची बांधून घेतली आणि बाहेर बसून थापी चालवली. उतार आपसूक त्याच्याकडं आला.

काम पुरतं वाळल्यावर तलाव पुन्हा भरला. पाणी काठाशी आलं, क्षणभर थांबलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम ओघळलं. प्रेरणानं टाळ्या वाजवल्या. काठापाशी उभा करीम मात्र खाली वाकला. नकळत त्यानं तळवा पाण्याला आडवा लावला. पाणी बोटांवरून निवांत खाली जात राहिलं. खाली हौद भरताना दिसत होता, तरी तो हात बाजूला घेणं त्याला फार जड गेलं.